चवथीची रजा आणि साहेबांची मर्जी

प्रश्न : वेर्णा औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी पॅकिंगचा सुपरवायझर आहे. नवे मॅनेजर आले तेव्हापासून पगार, बोनस काहीच कमी झालेलं नाही, तरी माणसांचं कामात मन नाही. यंदा चवथीच्या रजा साहेबांनी परस्पर ठरवून व्हॉट्सअ‍ॅपवर यादी टाकली. दोघांना गणपतीवर फळं-भाज्यांची माटोळी बांधायलाही घरी जाता आलं नाही. 'कोणाला तरी थांबावंच लागणार,' असं साहेब म्हणतात. मग माणसं एवढी का दुखावली?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : कोणाला तरी थांबावं लागणार, हे तुमच्या माणसांनाही कळतं. पण याच दोघांनी का, हे त्यांना अजून कोणी सांगितलेलं नाही. राग त्याचा आहे.

मी अनेक वर्षं गोव्यात पर्सोनेल विभागात काम केलं. पगारवाढीची तक्रार घेऊन येणारा रकमेबद्दल थोडंच बोलायचा; 'त्याला दिली, मग मला का नाही?' हेच पुन्हापुन्हा विचारायचा. मानसशास्त्रज्ञ जे. स्टेसी अ‍ॅडम्स यांनी १९६३ साली मांडलं ते हेच : माणूस आपले कष्ट आणि मोबदला शेजारच्याशी ताडून बघतो.

दुसरा अभ्यास तुमच्या साहेबांना जरूर सांगा. व्यवस्थापनाचे अभ्यासक जेराल्ड ग्रीनबर्ग यांनी तो १९९० साली प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या एका कंपनीने दोन कारखान्यांत काही आठवडे १५ टक्के पगारकपात केली. एकीकडे प्रमुखांनी सुमारे दीड तास बसून कारणं सांगितली, प्रश्नांना उत्तरं दिली, मनापासून खेद व्यक्त केला. दुसरीकडे पंधराएक मिनिटांत विषय गुंडाळला. कपात सारखीच, पण दुसऱ्या कारखान्यात चोऱ्या कितीतरी जास्त झाल्या.

अर्थात नुसतं गोड बोलून भागत नाही. दरवर्षी तीच माणसं अडकली, तर कारणं ऐकायला कोण बसेल? म्हणून मागच्या वर्षांचं रजिस्टर काढा. श्रावण लागला की सगळ्यांना एकत्र बसवा. कोणाचा गणपती दीड दिवसाचा, कोणाचा पाच, हे त्यांच्याच तोंडून येऊ द्या. चवथीला ख्रिस्ती सहकारी थांबतात आणि नाताळला हिंदू, अशी अदलाबदल मी पाहिली आहे. माणसं ती आपापसांत फार चांगली जमवतात, फक्त साहेबांनी विचारायला हवं.

राहिले ते दोघे. साहेबांनी त्यांना स्वतः भेटून पुढच्या चवथीला पहिली रजा तुमची, असं सांगावं आणि तेच लिहून नोटीस बोर्डावर लावावं. तुम्ही सोबत जा.