इंग्लंडमध्ये राहून जुनी एमजीबी किंवा ट्रायम्फ स्पिटफायर सांभाळणं नवशिक्याला झेपेल का?

तुम्ही लिहिलंय की रेडिंगला येऊन चार वर्षं झाली, घरामागे गॅरेज रिकामं आहे, उघड्या टपाची जुनी ब्रिटिश गाडी घ्यायची हौस आहे, पण हातात कधी पाना धरलेला नाही आणि घरी याला खूळ म्हणतात.

झेपेल. पाना धरता येत नाही ही अडचण नाहीच, ते महिन्याभरात येतं. गंज ओळखता येत नाही, ही खरी अडचण. मी ऑक्सफर्डशायरमध्ये राहतो, १९७० ची एमजीबी जीटी (पक्क्या छपराची एमजीबी) बाळगून आहे आणि इतरांच्या गाड्या बघायला आवडीने सोबत जातो. त्यावरून माझं मत असं झालंय की ही गाडी घेताना पत्रा विकत घ्यायचा असतो. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक हे सगळं सोबत आलं असं समजायचं.

आधी इंजिनाची भीती घालवतो. आपल्याकडच्या पेट्रोल ॲम्बॅसिडरमध्ये वर्षानुवर्षं जे १४८९ सीसीचं इंजिन होतं ते बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) बी-सिरीजचं. एमजीबीतलं १७९८ सीसीचं इंजिन त्याच मालिकेतलं, फक्त मोठं आणि दोन एसयू कार्ब्युरेटर लावलेलं. नाक्यावरचा मिस्त्री जे इंजिन एक पक्कड आणि चार पान्यांवर चालू ठेवायचा, त्याचं हे भावंड. १९६२ ते १९८० या काळात ॲबिंग्डनच्या कारखान्यातून पाच लाखांहून जास्त एमजीबी बाहेर पडल्या. त्यामुळे सुटे भाग आजही घरपोच मिळतात, तेही आजच्या एखाद्या साध्या गाडीच्या भागांपेक्षा बऱ्याचदा स्वस्त. विटनीची ब्रिटिश मोटर हेरिटेज ही कंपनी तर जुन्याच साच्यांवर अख्खी नवी बॉडी बनवते. (गावाकडे ‘एमजी घेतली’ एवढंच कळवू नका, सगळे आजची एमजी हेक्टर समजून अभिनंदन करतील. फोटो पाठवल्यावर मग शांतता पसरते.)

आता गंज. यावर मी जरा जास्तच बोलणार आहे, कारण पैसा इथेच जातो.

एमजीबीला वेगळी चासी नाही. पत्र्याची बॉडीच सगळा भार उचलते, आणि त्यातही दरवाज्यांखालून पुढून मागे जाणाऱ्या दोन पोकळ पट्ट्या, म्हणजे सिल, हा तिचा कणा. प्रत्येक सिल तीन पत्र्यांचं असतं: बाहेरचा, मधला आणि आतला. त्याखाली कंगोरेदार पट्टी, जिला इथे कॅसल रेल म्हणतात. हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ चिखलाबरोबर पुढच्या विंगच्या (मडगार्डच्या) आत जाऊन बसतं, पाणी निचरायची भोकं बुजतात आणि सिल आतून कुजत जातं. बाहेर रंगाला फोड दिसेपर्यंत मधला पत्रा उरलेलाच नसतो. खरी दुरुस्ती करायची तर पुढच्या विंगचा खालचा भाग कापावा लागतो, दरवाज्याच्या चौकटीला आधाराच्या नळ्या वेल्ड कराव्या लागतात, नाहीतर जुनं सिल कापताच गाडी मधोमध वाकते. हे कष्टाचं काम आहे. म्हणून पुष्कळ जण कुजलेल्या सिलवरच नवा पत्रा चढवतात, लांबी (पुट्टी) भरतात, रंग मारतात आणि ‘नवीन सिल’ म्हणून जाहिरात देतात.

पकडायचं कसं? कापडात गुंडाळलेलं चुंबक सोबत न्या आणि सिलवर, चाकांच्या कमानींवर, पुढच्या विंगच्या खालच्या टोकाला फिरवत जा. जिथे ते धरत नाही तिथे पत्र्याऐवजी लांबी आहे. उघड्या टपाची गाडी असेल तर दरवाज्याच्या फटी बघा. वर निमुळती आणि खाली रुंद अशी फट दिसली तर गाडी मधे बसलीय. मालकाला विनंती करून एका बाजूने जॅक लावा आणि दरवाजा उघडून-मिटून बघा. अडकायला लागला तर नमस्कार करून निघा. मालक जॅक लावायला नाही म्हणाला तरी निघा. सीटच्या मागे गालिच्याखाली बॅटरीचे कप्पे असतात (जुन्या गाड्यांत सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या), तिथे टॉर्च मारा. आणि बिलांच्या जाडजूड फायलीने भारावून जाऊ नका. वेल्डिंग चालू असताना काढलेले फोटो मागा. काम चोख केलेल्या माणसाकडे ते असतातच आणि तो चहा देऊन तासभर दाखवतो.

दोन्ही सिल नीट करून घेऊन वर रंग मारायचा खर्च आणि इंजिन पूर्ण उघडून नवं करून घ्यायचा खर्च यांत फारसं अंतर नसतं. फरक असा की इंजिनाचं बिल एकदा येतं. पत्र्याच्या कामात ‘आत आणखी निघालं’ हे वाक्य पुन्हा पुन्हा ऐकू येतं. म्हणून धूर काढणारी पण ठणठणीत पत्र्याची गाडी मी डोळे मिटून घेईन. चकचकीत रंगाची, इंजिन मऊ चालणारी आणि खाली मऊ पत्र्याची गाडी फुकट दिली तरी नको.

स्पिटफायरचा वेगळा विचार करा. तिला स्वतंत्र चासी आहे आणि पुढचा सगळा भाग बॉनेटसकट पुढे उलटतो, त्यामुळे चाकावर बसून इंजिनाचं काम करता येतं. शिकायला याहून सोयीची गाडी नाही. मद्रासला बनणारी स्टँडर्ड हेरल्ड आठवणारी मंडळी घरात असतील तर त्यांना सांगा, स्पिटफायरची यंत्रणा त्याच हेरल्डवरून आलेली आहे. पण दोन गोष्टी तपासाच. पुढच्या चाकांच्या ट्रनियनला (चाक ज्यावर वळतं त्या खालच्या सांध्याला) ग्रीस नव्हे, घट्ट गिअर ऑइल द्यायचं असतं. वर्षानुवर्षं दिलं नसेल तर तो भाग तुटून चाक आडवं पडू शकतं. आणि कोणाला तरी क्लच दाबायला सांगून पुढच्या पुलीकडे बघा. ती डोळ्यांना दिसेल इतकी पुढेमागे हलली तर क्रँकचे थ्रस्ट वॉशर (क्रँकला पुढेमागे सरकू न देणाऱ्या चकत्या) संपलेत. १९७० च्या आधीच्या स्पिटफायर वळणावर एकदम ॲक्सिलरेटर सोडला की मागून बिथरतात, म्हणून नवशिक्याने नंतरची मार्क फोर किंवा १५०० घ्यावी.

एमजीबीतली कोणती? लोक क्रोम बंपरवर जीव टाकतात आणि तशाच किमती लावतात. १९७४ च्या शरदात अमेरिकी नियमांसाठी काळे रबरी बंपर आले, गाडीची उंचीही वाढवली आणि ती वळणांवर डोलायला लागली. १९७६ मध्ये ते बरंचसं सुधारलं. रबरी बंपरची जीटी अजूनही सगळ्यांत स्वस्तात मिळते. माझं मत विचाराल तर पहिली गाडी तीच घ्या, त्यातही १९७७ नंतरची. टप उघडत नाही आणि दिसायला क्रोमइतकी देखणी नाही, मान्य. पण वाचलेल्या पैशांत चांगला पत्रा मिळतो. गिअरबॉक्सला ओव्हरड्राइव्ह मात्र हवाच. त्याशिवाय मोटरवेवर ताशी ७० मैलांना इंजिन ३९०० आरपीएमच्या आसपास ओरडत असतं. ओव्हरड्राइव्ह लावला की ते ३१०० वर येतं आणि शेजारच्याशी बोलता येतं. तारांची चाकं फोटोत छान दिसतात, पण आरे ढिले होतात, आतले दाते झिजतात, ट्यूब लागते. साधी रोस्टाइल (पोलादी) चाकं घ्या आणि सुखात राहा.

दुरुस्तीबद्दल. पहिल्या वर्षी एवढंच शिका: ऑइल बदलणं (२०डब्ल्यू-५० मिनरल), किंगपिनला (पुढचं चाक ज्यावर वळतं त्या खिळीला) ग्रीस गन मारणं, सीबी पॉइंटची (ठिणगीची वेळ साधणाऱ्या संपर्कांची) फट पंधरा थाऊ म्हणजे इंचाच्या पंधरा हजारांशांवर लावणं, टॅपेट (व्हॉल्व्हची फट) सेट करणं. मिलिमीटरचे पाने इथे चालत नाहीत, इंचाच्या मापाचे, एएफ छापलेले घ्या. कार्ब्युरेटरला हात लावायच्या आधी बाकी सगळं नीट करा, कारण एसयूवर फोडलेली निम्मी खापरं खरं तर इग्निशनची असतात. मग एखाद्या शनिवारी इंजिन गरम करून, एअर फिल्टर काढून, रबरी नळीचं एक टोक कानाला आणि दुसरं कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरा, डॉक्टर छाती तपासतो तसं. दोन्हीकडचा सुसकारा सारखा येईपर्यंत स्क्रू फिरवायचे. त्यानंतर कार्ब्युरेटरखालची पिन हलकेच वर ढकलून त्याच्यातला पिस्टन किंचित उचला. इंजिन वेग घेऊन तिथेच राहिलं तर मिश्रण जास्त श्रीमंत (पेट्रोल जास्त) आहे. धापा टाकत बंद पडायला लागलं तर पातळ (पेट्रोल कमी). क्षणभर चढून पूर्ववत झालं तर बरोबर. संगणक न लावता, कानाने गाडी जुळवण्याचा हा आनंद सांगून कळत नाही. डॅशपॉटमध्ये (कार्ब्युरेटरच्या डोक्यावरच्या नळीत) थोडं इंजिन ऑइल टाकायला विसरू नका, नाहीतर ॲक्सिलरेटर दाबल्यावर गाडी अडखळते आणि तुम्ही भलतीकडे शोधत बसता.

लुकास कंपनीच्या विजेच्या सामानाबद्दल इथे भरपूर विनोद ऐकाल, ‘अंधाराचा राजपुत्र’ वगैरे. कंपनीची मला कणव येते. पन्नास वर्षांत बहुतेकदा बिघडलेलं असतं ते अर्थिंग आणि वायरींचे गोळीसारखे जोड. ते उपसून, घासून, पुन्हा बसवलं की निम्मे दोष जातात. हेडलाइटचा सगळा प्रवाह बटणातून जातो, म्हणून तिथे रिले (तो प्रवाह बटणाऐवजी स्वतःतून नेणारा स्विच) लावा, प्रकाशही वाढतो. किल्ली फिरवल्यावर मागून टकटक आवाज येतो तो इलेक्ट्रिक पेट्रोल पंपाचा. तो आला नाही तर पंपावर पान्याच्या दांड्याने हलकी चापट मारायची. हे आडगावचं तंत्र वाटेल, पण अगदी काटेकोर साहेबही हेच करतात.

साधं पेट्रोल सप्टेंबर २०२१ पासून इथे ई१० (दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं) झालंय. इथेनॉल जुन्या रबरी नळ्या खातं, म्हणून महागडं ई५ भरा आणि नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या बसवा. बॉनेटखाली पेट्रोल गळणं ही चेष्टा नाही. विकणाऱ्याला विचारा, हेडमध्ये कठीण व्हॉल्व्ह सीट बसवल्यात का (जुन्या सीटना शिशाचं पेट्रोलच जपायचं). शिशाचं पेट्रोल १९९९ अखेर बंद झालं, त्यानंतर ते काम बहुतेकांनी करून घेतलंय.

कागदपत्रं मात्र सोपी. चाळीस वर्षं उलटलेल्या गाडीला हिस्टॉरिक म्हणून नोंदवून घेतलं की रोड टॅक्स शून्य आणि लंडनच्या युलेझचं (जास्त प्रदूषण करणाऱ्या गाड्यांवरचं) शुल्कही नाही. मोठे फेरफार केलेले नसतील तर मे २०१८ पासून एमओटीही (गाडीची वार्षिक तपासणी) सक्तीची नाही. तरीही दरवर्षी करा. थोड्या पैशांत एक तिऱ्हाईत माणूस गाडी वर उचलून तिचं पोट तपासतो, याहून स्वस्त विमा नाही. विम्यात ‘ॲग्रीड व्हॅल्यू’ (आधीच ठरवलेली किंमत) लिहून घ्या. इथलं लायसन्स नवं असेल तर काही कंपन्या नाक मुरडतील. जुन्या गाड्यांचाच विमा उतरवणाऱ्यांकडे जा.

घरच्यांची एक बाजू मात्र बरोबर आहे, ती सांगायलाच हवी. या गाडीत एअरबॅग नाही, एबीएस नाही, मागे ड्रम ब्रेक आहेत, आणि जीटीचं मागचं सीट बहुधा पट्ट्यांविना असतं. लहान मूल असेल तर त्याला यात नेऊ नका. पावसात पाय ओले होतील. रोजची गाडी वेगळी लागेल.

मग मजा कशात? ताशी पन्नास मैलांना ती सत्तरीची वाटते, म्हणजे लायसन्स शाबूत ठेवून थरार मिळतो. कॉट्सवोल्डच्या अरुंद रस्त्यांवर, दगडी भिंतींच्या मधून, तिसऱ्या गिअरमध्ये एक्झॉस्टचा तो घोगरा आवाज ऐकत जाणं. समोरून दुसरी एमजी आली की अनोळखी माणूस हात करतो. पेट्रोल पंपावर कोणीतरी आजोबा थांबवून सांगतातच की लग्नानंतर आम्ही अशीच घेऊन वेल्सला गेलो होतो. दहा वर्षं शेजारी राहून जे इंग्रज ‘हॅलो’च्या पुढे गेले नव्हते, ते बॉनेट उघडं दिसलं की कुंपणावरून डोकावतात आणि स्वतःचे पाने घेऊन येतात. सप्टेंबरात ब्युलीच्या ऑटोजंबलला (जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या बाजाराला) जा, एखादा काच फुटलेला दिवा शोधत दिवस कसा जातो कळत नाही.

घाई नको. आधी एमजी कार क्लबच्या कुठल्यातरी मेळाव्याला जा, कोणाला तरी सोबत येशील का विचारा. बहुतेक जण आनंदाने येतात. मग एक दिवसासाठी अशी गाडी भाड्याने घ्या (कॉट्सवोल्डमध्ये मिळतात) आणि निम्मा वेळ वहिनींना चालवू द्या. त्यानंतरही दोघांचं मत टिकलं तर नोव्हेंबरात बघायला सुरुवात करा. थंडीत उघड्या टपाच्या गाड्यांना गिऱ्हाईक कमी असतं आणि विकणारा भाव ऐकून घेतो. चुंबक नसेल तर माझं घेऊन जा, शनिवारी मोकळा असेन.