लंडनमध्ये छोटा फुटबॉल क्लब धरायचाय? एवढं करा

मोठ्या क्लबांची तिकिटं परवडत नाहीत म्हणून इकडे वळताय ना? हरकत नाही, बरेच जण असेच येतात. फक्त एकदम चार क्लब धरू नका. घराजवळचा एकच निवडा.

समजा तुम्ही पूर्व लंडनमध्ये राहता, तर तुमचा क्लब लेटन ओरिएंट. मैदानाच्या कोपऱ्यांत राहत्या इमारती आहेत, लोक गॅलरीत उभे राहून फुकट सामना बघतात! जवळच आर्सेनल, टॉटनहॅम हे बडे क्लब. त्यात 2016 मध्ये वेस्ट हॅम हा आणखी एक मोठा क्लब ऑलिंपिक स्टेडियममध्ये, म्हणजे अगदी उंबऱ्याशीच आला. पुढच्याच वर्षी ओरिएंट फुटबॉल लीगमधून, म्हणजे इंग्लंडच्या वरच्या चार पातळ्यांतून, खाली घसरला आणि 2019 ला परत वर आला. त्या पडत्या काळातही येत राहिलेली मंडळी तुमच्या शेजारी बसतील. त्यांच्याशी बोला.

नवखे हमखास करतात त्या चुका:

- मोठ्या क्लबची जर्सी घालून जाणं. कोणी मारणार नाही, पण टोमणे मिळतील.
- चहा-बर्गर बाहेर उरकून येणं. टीव्हीचा पैसा या क्लबांपर्यंत फारसा झिरपत नाही, त्यामुळे आतल्या टपरीवरचा खर्चही मोलाचा.
- पहिल्याच सामन्यात दर्जा मोजत बसणं. निदान चार सामने द्या.

लीगची उतरंड, मालकीची भांडणं वगैरे आत्ता डोक्यात नकोच. बहुतेक सामने शनिवारी दुपारी तीनला असतात. आणखी खालच्या पातळीवरचे क्लब बघायला गेलात, तर हिवाळ्यात निघण्याआधी क्लबचं पान उघडून पाहा; मैदानात पाणी साचलं की सामना ऐनवेळी रद्द होतो.