फंड नाहीत म्हणून तीन वर्षांच्या मुलाला थांबवता येत नाही

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. नवरा एच-वन-बीवर, मी आणि मुलगा एच-फोरवर. मुलगा 9 मार्चला तीन वर्षांचा होईल. बोलायला उशीर होतोय म्हणून वर्षभरापासून अर्ली इंटरव्हेन्शनची (तीन वर्षांखालच्या मुलांसाठीच्या सरकारी मदतीची) थेरपिस्ट आठवड्यातून दोनदा घरी येते. तीन वर्षं पूर्ण झाली की हे बंद होतं आणि पुढचं स्कूल डिस्ट्रिक्ट (इथल्या सरकारी शाळा चालवणारं मंडळ) बघतं, असं कळल्यावर मी डिस्ट्रिक्टला फोन केला. ऑफिसमधल्या बाई म्हणाल्या, फेडरल फंड कमी झालेत, प्रीस्कूलचे वर्ग भरलेत, सप्टेंबरमध्ये बघू. मुलगा दिवसभर माझ्या सासूबाईंबरोबर असतो आणि जे काही बोलतो ते मराठीत. शिवाय व्हिसावर असताना अशी मदत मागितली तर ग्रीन कार्ड अडेल, अशी नवऱ्याला भीती वाटते. काय करावं?

उत्तर : ताई, तुम्ही ऑक्टोबरच्या मध्यावर विचारलंत हे फार बरं झालं. हेच पत्र जानेवारीत आलं असतं तर निम्मं उत्तर गेलेल्या दिवसांच्या भरपाईबद्दल लिहावं लागलं असतं. आता तसं नाही. मात्र 9 नोव्हेंबर ही तारीख आजच कॅलेंडरवर खूण करून ठेवा. मुलाच्या वाढदिवसाच्या बरोबर 120 दिवस आधीची ती तारीख आहे. तिसऱ्या वाढदिवसापर्यंत आयईपी (मुलासाठी आखलेली वैयक्तिक शिक्षणयोजना) लागू व्हावी यासाठी मूल्यमापनाची लेखी मागणी किमान 120 दिवस आधी डिस्ट्रिक्टकडे गेली पाहिजे, असं न्यू जर्सीची विशेष शिक्षणाची नियमावली सांगते. तुम्ही फोन केलात, आणि फोन म्हणजे लेखी मागणी नव्हे. पण म्हणूनच फोनवर ऐकलेला नकारही कायद्याच्या दृष्टीने नकार ठरत नाही. काहीही बिघडलेलं नाही.

आधी फंडांचं बघू, कारण त्याच वाक्याने बरेच आईबाप परत फिरतात. अपंग मुलांच्या शिक्षणाचा केंद्राचा कायदा 1975 सालचा, आज त्याला आयडिया म्हणतात. 1986 च्या दुरुस्तीने जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी वेगळा कार्यक्रम आला, त्यालाच आज या कायद्याचा पार्ट सी म्हणतात. त्याच दुरुस्तीने तीन ते पाच वयाच्या मुलांची जबाबदारी राज्यांवर पक्की केली. तुमच्या घरी येणारी थेरपिस्ट पार्ट सीखालची. 9 मार्चपासून तुमचा मुलगा पार्ट बीखाली, म्हणजे तीन वर्षांपुढच्या मुलांच्या भागाखाली, येतो. पैसा तीन वाटांनी येतो. पार्ट सीसाठी अलीकडच्या वर्षांत देशभरात मिळून वर्षाला सुमारे 54 कोटी डॉलर, कलम 619 खाली तीन ते पाच वयोगटासाठी सुमारे 42 कोटी, आणि कलम 611 खाली तीन ते एकवीस वयाच्या सगळ्यांसाठी सुमारे 14 अब्ज. म्हणजे प्रीस्कूलच्या मुलासाठी फक्त 619 चीच थैली आहे असं नाही, 611 मधूनही त्याच्यावर खर्च करता येतो. हे पैसे कमी पडतात, हे मात्र खरं. मूळ कायद्यात केंद्राने दर मुलामागे देशातल्या सरासरी शालेय खर्चाच्या 40 टक्क्यांपर्यंत वाटा उचलायचं म्हटलं होतं. ते कधीच पूर्ण झालं नाही, आणि गेली काही वर्षं हा वाटा 15 टक्क्यांच्या आत आहे. उरलेला भार राज्य आणि गावाच्या मालमत्ता करावर पडतो. डिस्ट्रिक्टची ओढाताण खोटी नाही.

पण ती ओढाताण तुमच्या मुलाने सोसायची नाही. राज्याने हे पैसे स्वीकारले की त्या वयाच्या प्रत्येक पात्र मुलाला मोफत आणि योग्य शिक्षण देण्याची अट लागते, आणि "पैसे पुरले तर" असे शब्द त्या अटीत कुठेही नाहीत. 1972 च्या मिल्स खटल्यात वॉशिंग्टन डीसीच्या शाळांनी हेच कारण दिलं होतं. पैसे अपुरे असतील तर त्याची झळ अपंग मुलांना इतरांपेक्षा जास्त बसता कामा नये, असं न्यायालयाने बजावलं. 1999 मध्ये गॅरेट एफ. खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही सेवा महाग पडते हे ती नाकारायचं कारण मानलं नाही. शिवाय डिस्ट्रिक्टला विशेष शिक्षणावरचा स्वतःचा खर्चही मनाला येईल तसा गेल्या वर्षीपेक्षा खाली आणता येत नाही, कायद्याने ठरवून दिलेले अपवाद सोडून.

वॉशिंग्टनच्या बातम्यांनीही घाबरून जाऊ नका. 2025 मध्ये केंद्राच्या शिक्षण खात्यातली माणसं कमी झाली, आणि 619 चा निधी पार्ट बीच्या मोठ्या निधीत विलीन करण्याचा प्रस्ताव बजेटमध्ये मांडला गेला. बजेटमधला प्रस्ताव म्हणजे कायदा नव्हे. मुलाचा हक्क काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, केलेल्या कायद्यात आहे, आणि तो काँग्रेस बदलेपर्यंत तसाच राहतो. केंद्राची देखरेख सैल झाली तर तुम्हाला राज्याकडच्या तक्रारीवर जास्त भिस्त ठेवावी लागेल, एवढाच फरक.

आता पत्र. इंग्रजीत लिहा, एका पानाच्या आत. डिस्ट्रिक्टच्या डायरेक्टर ऑफ स्पेशल सर्व्हिसेसच्या नावे पाठवा. वर्गशिक्षिकेला किंवा नावनोंदणीच्या खिडकीवर देऊन भागणार नाही. त्यात मुलाचं नाव, जन्मतारीख, पत्ता, तो सध्या अर्ली इंटरव्हेन्शनमध्ये आहे आणि 9 मार्चला तीन वर्षांचा होतो हे लिहा. मग स्पष्ट वाक्य : मुलाला अपंगत्व असण्याची शक्यता आहे, म्हणून चाइल्ड स्टडी टीमकडून (मुलांची पात्रता तपासणारा डिस्ट्रिक्टचा तज्ज्ञांचा गट) विशेष शिक्षणासाठी संपूर्ण मूल्यमापन व्हावं अशी मी मागणी करते. घरची भाषा मराठी आहे हे लिहा. शेवटी फोनवर झालेलं बोलणं तारखेसह नोंदवा, आणि डिस्ट्रिक्ट मूल्यमापन नाकारणार किंवा पुढे ढकलणार असेल तर त्याची कारणांसह लेखी नोटीस मागा. ही नोटीस देणं डिस्ट्रिक्टवर बंधनकारक आहे, आणि कशाच्या आधारावर नकार दिला हे तिच्यात लिहावंच लागतं. फंड नाहीत हे वाक्य फोनवर सहज निघून जातं. सहीनिशी कागदावर लिहायची वेळ आली की बहुतेक ठिकाणी ते गळून पडतं. पत्र सर्टिफाइड मेलने पोचपावतीसह पाठवा, किंवा हाती देऊन प्रतीवर तारखेचा शिक्का घ्या. जोडीला ईमेलही करा, पण एकट्या ईमेलवर राहू नका. अर्ली इंटरव्हेन्शनने तुमचं नाव डिस्ट्रिक्टला कळवलेलं असेल, तरीही स्वतःचं पत्र पाठवाच.

त्याच दिवशी अर्ली इंटरव्हेन्शनमध्ये तुमची केस सांभाळणाऱ्या सर्व्हिस कोऑर्डिनेटरला ट्रान्झिशनची (तिथून शाळेकडे जाण्याची) बैठक लावायला सांगा. केंद्राच्या नियमाप्रमाणे ती वाढदिवसाच्या आधी नऊ महिने ते 90 दिवस या काळात घ्यायची असते, म्हणजे तुमच्यासाठी 9 डिसेंबरच्या आत. डिस्ट्रिक्टच्या चाइल्ड स्टडी टीमच्या माणसाने तिला हजर राहायचं असतं.

पत्र पोचल्यापासून 20 दिवसांत, शाळेच्या सुट्ट्या वगळून, डिस्ट्रिक्टने मूल्यमापन करायचं की नाही हे ठरवणारी बैठक घ्यायची असते. तिथे तुमच्यापुढे संमतीचा फॉर्म येईल. घरी नेऊन महिनाभर ठेवू नका, कारण न्यू जर्सीत 90 दिवसांचं घड्याळ तुमच्या संमतीपासून सुरू होतं. मूल्यमापन, पात्रतेचा निर्णय, आयईपी आणि ती अमलात येणं, हे सगळं त्याच 90 दिवसांत बसवायचं असतं. 15 नोव्हेंबरला सही केलीत तर 13 फेब्रुवारी येते, वाढदिवसाला तीन आठवडे हाती राहतात. डिसेंबरअखेर सही केली तर मार्चचा शेवट उजाडतो, आणि मग उशीर कुणामुळे झाला यावर वाद होतो. मूल्यमापनाला दिलेली संमती म्हणजे सेवांना दिलेली संमती नव्हे. त्याचा फॉर्म वेगळा असतो, आणि तो तुम्ही आयईपी वाचल्यावर सही करायचा.

घर भाड्याचं असेल तर आणखी एक गोष्ट. मूल्यमापन चालू असताना गाव बदललं तर नव्या डिस्ट्रिक्टशी मुदत नव्याने ठरवावी लागते. लीज जानेवारीत संपत असेल तर दोन-तीन महिन्यांची वाढ मागून बघा.

वर्ग भरले आहेत हे कारणही टिकत नाही. आपल्याकडे जागा नसेल तर डिस्ट्रिक्टने शेजारच्या गावात, मान्यताप्राप्त खासगी शाळेत, किंवा मुलगा ज्या साध्या प्रीस्कूलला जातो तिथेच थेरपिस्ट पाठवून सेवा द्यायची, आणि खर्च डिस्ट्रिक्टचा. बसची गरज असेल तर तीही आयईपीत लिहून घ्या. तो इतर मुलांबरोबर शिकू शकत असेल तर केवळ रिकामी जागा तिथे आहे म्हणून त्याला वेगळ्या वर्गात बसवू देऊ नका. वाढदिवस उन्हाळ्यात येणाऱ्या मुलांच्या बाबतीत सेवा कधी सुरू करायच्या हे आयईपीची टीम ठरवू शकते. मार्चमधल्या वाढदिवसाला ती सवलत नाही, म्हणून "सप्टेंबरमध्ये बघू" याला आधारच उरत नाही.

तुमच्या ओळखीत मेरीलँडचं कुणी असेल तर ते म्हणतील, तीन वर्षांनंतरही आमचं अर्ली इंटरव्हेन्शन चालू राहिलं. त्या राज्याने ती सोय निवडली आहे, न्यू जर्सीने नाही. तुमच्याकडे 8 मार्च हा शेवटचा दिवस. वाद चालू असला तरी पार्ट सीची थेरपी पुढे रेटता येत नाही, कारण आधीच्या सेवा तशाच चालू ठेवण्याचा नियम या टप्प्याला लागू नाही. म्हणूनच मी तारखांवर इतका जोर देतो आहे. मधल्या रिकाम्या महिन्यांची भरपाई नंतर मागता येते, पण तीन वर्षांच्या मुलाचे सहा महिने नुसते परत मिळत नाहीत.

व्हिसाबद्दल तुमच्या मिस्टरांना निश्चिंत राहायला सांगा. शाळेला व्हिसा विचारण्याचं कारण नाही. 1982 च्या प्लायलर निकालाने कागदपत्रं नसलेल्या मुलांनाही सरकारी शाळेचं दार उघडं केलं, एच-फोरचं मूल तर कायदेशीर रहिवासी. लीज, विजेचं बिल, जन्मदाखला, लसीकरणाची नोंद एवढं पुरे. पब्लिक चार्जच्या, म्हणजे सरकारी मदतीवर अवलंबून राहणाऱ्याला ग्रीन कार्ड नाकारण्याच्या, 2019 च्या कडक नियमातही आयडियाखालच्या सेवा मोजल्या जात नव्हत्या, 2022 च्या नियमातही नाहीत. मेडिकेड (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी आरोग्यविमा) किंवा एसएसआय (अपंग आणि वृद्धांचा सरकारी भत्ता) ही वेगळी गोष्ट. त्यासाठी अर्ज करण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला जरूर विचारा. शाळा तुमच्या खासगी विम्याकडून पैसे घेण्याची परवानगी मागेल, तिला नाही म्हणालात तरी सेवा कमी करता येत नाहीत.

लेखी नकार आलाच, किंवा मुदत टळून गेली, तर राज्याच्या शिक्षण खात्याकडे तक्रार करा. त्याला वकील लागत नाही, फी नाही, उल्लंघन एका वर्षाच्या आतलं असावं लागतं आणि निर्णय साधारण 60 दिवसांत येतो. मुदत चुकल्याच्या प्रकरणात मी हाच मार्ग आधी सुचवेन. मूल्यमापनाचा निष्कर्षच पटला नाही तर डिस्ट्रिक्टच्या खर्चाने स्वतंत्र मूल्यमापन मागा. मग डिस्ट्रिक्टला एक तर ते द्यावं लागतं, नाहीतर स्वतःच सुनावणीसाठी अर्ज करून आपलं बरोबर होतं हे दाखवावं लागतं. ड्यू प्रोसेसची, म्हणजे डिस्ट्रिक्टविरुद्धच्या वादाची औपचारिक, सुनावणी हा लांबचा रस्ता, पण न्यू जर्सीत सिद्ध करण्याचा भार 2008 पासून डिस्ट्रिक्टवर आहे, इतर बऱ्याच राज्यांत तो आईबापांवर पडतो. मुलाला परस्पर खासगी शाळेत घालून नंतर बिल पाठवू नका. त्याआधी किमान 10 कामाचे दिवस लेखी कळवावं लागतं. पत्र लिहायला किंवा बैठकीआधी समजून घ्यायला राज्यातलं स्पॅन हे पालक केंद्र फुकट मदत करतं.

राहिला भाषेचा प्रश्न, आणि माझ्या मते तुमच्या प्रकरणातली सगळ्यात नाजूक जागा हीच आहे. पात्रतेसाठी न्यू जर्सीत विकासाच्या एका क्षेत्रात 33 टक्के किंवा दोन क्षेत्रांत 25 टक्के उशीर लागतो. तीन वर्षांच्या मुलासाठी याचा अर्थ एका क्षेत्रात दोन वर्षांच्या मुलाइतकं, किंवा दोन क्षेत्रांत सव्वादोन वर्षांच्या मुलाइतकं. मूल्यमापन करणारी बाई इंग्रजीच ऐकत असेल तर दोन उलट चुका होतात. एक, "पाणी दे", "नको", "आजी ये" हे तिला ऐकूच येत नाही आणि उशीर आहे त्यापेक्षा मोठा दिसतो. दुसरी, ती म्हणते दोन भाषांमुळे होतंय, आपोआप सुधारेल, आणि मूल अपात्र ठरतं. कायद्याला दोन्ही नामंजूर. अगदीच अशक्य नसेल तर मूल्यमापन मुलाच्या भाषेत व्हायला हवं, आणि इंग्रजी कमी येतं एवढ्यावरून त्याला अपंग ठरवता येत नाही. दुभाष्यामार्फत घेतलेल्या इंग्रजी चाचणीचे गुण मराठी मुलाला तसेच लागू होत नाहीत. रिपोर्टमध्ये तसं स्पष्ट लिहायला सांगा, आणि निरीक्षण व घरच्यांच्या मुलाखतीवर भर द्यायला सांगा. नावनोंदणीच्या फॉर्मवर घरची भाषा इंग्रजी लिहिण्याचा मोह अनेकांना होतो, तो टाळा. रिपोर्ट पात्रतेच्या बैठकीच्या किमान 10 दिवस आधी तुमच्या हाती यायला हवा.

आजपासून सासूबाईंना एक वही द्या. मुलगा काय बोलला, कधी, आपणहून की विचारल्यावर, दोन शब्द जोडले का, हे रोज दोन-चार ओळींत त्यांनी मराठीतच लिहावं. मार्चपर्यंत ती वही कोणत्याही अर्ध्या तासाच्या चाचणीपेक्षा जास्त सांगेल. बैठकीला मुलाला जवळून ओळखणारं माणूस सोबत आणायचा हक्क कायदा तुम्हाला देतो, तेव्हा सासूबाईंनाही न्या. दुभाषा तुमच्यासाठी आधीच लेखी मागून ठेवा, म्हणजे त्यांनी मराठीत सांगितलेलं टीमला जसंच्या तसं कळेल.