मांजर बिथरलंय, कॅटनिप देऊ का?

पंधरा वर्षांपूर्वी साताऱ्यात माझ्या जनावरांच्या दवाखान्यात मांजर यायचं ते पोत्यात बांधून, तेही म्हशीचं औषध न्यायला आलेल्या माणसाबरोबर, 'आलोच आहे तर बघा जरा' म्हणून. आता मांजर स्वतंत्र येतं आणि त्याच्याबरोबर ऑनलाइन मागवलेली कॅटनिपची, म्हणजे मांजरांना भुलवणाऱ्या सुक्या पाल्याची, पुडीही येते. या वेळच्या निम्म्या पत्रांत हाच शब्द असल्यामुळे सुरुवात तिथूनच करते.

प्रश्न (शाहूपुरी, सातारा): आमचा बोका दोन वर्षांचा आहे. येणाऱ्याजाणाऱ्यावर फिस्कारतो. शांत व्हावा म्हणून कॅटनिप आणलं. हुंगलं, लोळला, लाळ गाळली आणि पाचव्या मिनिटाला मुलीच्या पोटरीला चावला. शेजारच्या दोन महिन्यांच्या पिल्लाने मात्र त्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. माल खोटा असेल का?

उत्तर: माल खरा आहे. चूक आहे ती 'शांत करणारं औषध' या समजुतीत.

कॅटनिप म्हणजे तुळस-पुदिन्याच्या कुळातलं एक झुडूप. पानं चुरडली की त्यातलं नेपेटालॅक्टोन नावाचं द्रव्य हवेत उडतं. त्याचा वास लागला की मांजर गाल घासतं, लोळतं, मागच्या पायांनी लाथा झाडतं. मताताबी नावाच्या वेलीतही असंच एक द्रव्य असतं. २०२१ साली जपानी संशोधकांनी त्यावर प्रयोग केले, तेव्हा मांजरांच्या रक्तातलं बीटा-एन्डॉर्फिन वाढलेलं आढळलं. म्हणजे सुख देणारं, शरीराचं स्वतःचंच रसायन. हीच द्रव्यं डासांना नकोशी होतात, त्यामुळे अंगाला पाला चोळून घेण्यात मांजराचा दुहेरी फायदा आहे. मला हे वाचून फार मौज वाटली होती.

पण हा सगळा खेळ दहा-पंधरा मिनिटांचा. त्यानंतर तासभर, कधी दोन तास, तीच पुडी नाकाशी धरली तरी काही होत नाही. तीनातल्या एका मांजरावर तर आयुष्यभर परिणाम होत नाही, कारण हे आईबापांकडून येतं. तीन ते सहा महिन्यांच्या आतली पिल्लंही बहुधा दाद देत नाहीत. शेजारचं पिल्लू म्हणून गप्प राहिलं.

राहता राहिला चावा. कॅटनिप आधी चेव आणतं, मग सुस्ती. जे मांजर आधीच तापलेलं आहे, त्याला चेव म्हणजे भांडणाचं आमंत्रण. त्या पाच मिनिटांत मुलीचा पाय जवळून गेला असेल, बस्स. तेव्हा बोका रागात असताना कॅटनिप देऊ नका. तो निवांत असेल तेव्हा अर्धा चमचा सुका पाला खांबाला गुंडाळलेल्या काथ्यावर किंवा जुन्या मोज्यात घालून द्या आणि मुलांना बाजूला ठेवा. आठवड्यातून दोन-तीनदा पुरे. उरलेला पाला घट्ट झाकणाच्या डबीत, फ्रिजमध्ये. वास उडाला की तो पाला नुसता कचरा. कुंडीत बी लावणार असाल तर पाण्याचा निचरा बघा. साताऱ्याच्या पावसात कुंडीत पाणी साचलं की मुळं कुजतात.

मुलीची जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुतली होती ना? बोक्याला रेबीजची लस दिलेली असो वा नसो, चावा बसला की त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. मांजराचे दात सुईसारखे असतात. भोक बारीक दिसतं, पण आत पू धरतो.

प्रश्न (मिरज): आमची आजी म्हणते, कॅटनिप कशाला, परसातली खोकली उपट आणि मूळ मांजरापुढे टाक. खरं आहे का?

उत्तर: आजींना नमस्कार सांगा, त्यांचं बरोबर आहे. खोकली (कुणी खाजोटी म्हणतं) पावसाळ्यात भिंतीकडेला आपोआप उगवते. तिचं मूळ उपटलं की मांजर त्यावर कॅटनिपसारखंच लोळतं. तमिळमध्ये या झाडाचं एक नावच 'पूनैवणंगी' आहे, म्हणजे मांजर जिला वंदन करतं ती. माती झटकून मूळ हुंगायला द्या, तेही लक्ष ठेवून. काढा करून पाजणं वगैरे नको, आणि मांजर मूळ चावून गिळायला लागलं तर काढून घ्या.

तगरीच्या मुळाचंही असंच आहे, पण इथे घोटाळा होतो. मांजराला आवडते ती काष्ठौषधीच्या दुकानात मिळणारी तगर गंठोडा, हिमालयातली. आपल्या कंपाउंडला पांढऱ्या फुलांची जी तगर असते, चीक येणारी, तिचा याच्याशी काडीचा संबंध नाही. ती मांजराला देऊ नका.

प्रश्न (गावभाग, सांगली): दोन बहिणी-मांजरी, चार वर्षं एका ताटात जेवल्या. महिन्यापूर्वी खिडकीत एक परका बोका येऊन बसला. मोठी त्याच्यावर धावली, मध्ये जाळी, आणि मग वळून धाकटीवरच तुटून पडली. तेव्हापासून दिसली की मारामारी. कॅटनिपने दोस्ती होईल का?

उत्तर: याला आपल्याकडे शब्द तयार आहे: वड्याचं तेल वांग्यावर. राग बोक्याचा, तो हाताशी नाही, म्हणून जी हाताशी आहे तिच्यावर. तुमच्या लेखी तो प्रसंग संपला. मोठीच्या डोक्यात मात्र 'धाकटी दिसली की काहीतरी भयंकर होतं' अशी गाठ बसली आहे, आणि रोजच्या मारामारीने ती घट्ट होते आहे. कॅटनिप इथे मुळीच नको. दोघी एका खोलीत असताना तर नकोच.

आजपासून दोघींना वेगळं करा, दार बंद. प्रत्येकीला आपलं पाणी, आपली वाटी, आपला मातीचा ट्रे. खिडकीचा खालचा भाग पुठ्ठ्याने किंवा वर्तमानपत्राने झाका, म्हणजे तो बोका दिसणार नाही. तो अजूनही येत असेल तर बाहेर त्याच्यासाठी सांडलेलं खरकटं कोण टाकतं ते बघा. (बहुतेक वेळा घरातलंच कुणीतरी असतं.)

मग तीन-चार दिवस फक्त वासाची ओळख. एका फडक्याने धाकटीच्या गालावरून हात फिरवा, ते फडकं मोठीच्या जेवणाच्या वाटीशेजारी ठेवा. उलटही करा. फिस्कारणं थांबलं की बंद दाराच्या दोन बाजूंना जेवण. सुरुवातीला वाट्या दारापासून लांब, रोज वीतभर पुढे. दोघी दाराला लागून निवांत खायला लागल्या, की दार चार बोटं उघडायचं. कान मागे पडले, शेपूट फुलली, एकटक बघणं सुरू झालं, की दार लावून दोन दिवस मागे जायचं. काहींचं आठवड्यात जुळतं, काहींना दोन महिने लागतात. घाई करून 'होऊ दे एकदाची भांडणं' म्हणून सोडलंत, तर पुन्हा पहिल्यापासून.

आणि भांडण लागलंच तर हात मध्ये घालू नका. उशी किंवा मोठा पुठ्ठा मध्ये सरकवा.

प्रश्न (मिरज): विसर्जनाच्या मिरवणुकीत आमची मनी दोन दिवस पलंगाखालून निघत नाही, जेवत नाही. झोपेची गोळी द्यावी का?

उत्तर: मिरजेची मिरवणूक म्हणजे दिवस उलटला तरी संपत नाही, आणि डॉल्बीने खिडक्यांच्या काचा थरथरतात. मनी पलंगाखाली जाते यात बिघाड काही नाही, ती शहाणी आहे. तिला ओढून बाहेर काढून कुरवाळू नका. रस्त्यापासून लांबची खोली निवडा, मिरवणुकीच्या चार दिवस आधीपासून तिथे खोका उपडा करून, तोंड कापून ठेवा. आत तुमची न धुतलेली चादर घाला. पाणी आणि ट्रे तिथेच. दारंखिडक्या नीट लावा. घाबरलेलं मांजर गच्चीवरून उडी मारतं आणि गर्दीत सापडत नाही.

माणसांची झोपेची गोळी द्यायची नाही. तापाची तर नाहीच: पॅरासिटामॉलची ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मांजराचा जीव घ्यायला पुरते, कारण ती पचवायची सोयच त्याच्या यकृतात जवळपास नाही. फारच त्रास असेल तर गॅबापेन्टिन नावाचं औषध आम्ही वजन बघून देतो, आवाज सुरू व्हायच्या दोन-तीन तास आधी. पण मूत्रपिंड कसं आहे ते बघूनच, आणि आधी एका साध्या दिवशी देऊन बघायचं. मिरवणुकीच्या सकाळी फोन करून मागू नका.

प्लगमध्ये लावायचे फेरोमोनचे डिफ्युझर मिळतात. मांजर गाल घासून 'हे आपलं' अशी जी खूण ठेवतं, तिची ती नक्कल. बाटली साधारण महिनाभर चालते. काहींना उपयोग होतो, काहींना नाही, आणि स्वस्त नसतं. खोका फुकट आहे, आधी तो.

प्रश्न (गोडोली, सातारा): पाच वर्षांचा बोका कालपासून चिडचिड करतो. सारखा ट्रेमध्ये जाऊन बसतो, ओरडतो, खाली चाटतो. कॅटनिप किती द्यावं?

उत्तर: देऊ नका. हे वाचत असाल तर आत्ता उठून दवाखाना गाठा. त्याची लघवी अडली असण्याची दाट शक्यता आहे. बोक्यांमध्ये ती दोन दिवस अडली तर जीव जातो. (या वाचकांना मी पत्र मिळताच कळवलं होतं.)

प्रश्न (विश्रामबाग, सांगली): सासूबाई मांजराची दृष्ट काढतात, मीठ-मोहरी-मिरच्या निखाऱ्यावर टाकतात. जाऊबाई लॅव्हेंडरचं तेल लावायला सांगतात. कुणाचं ऐकू?

उत्तर: दृष्ट काढू द्या, पण मिरच्या अंगणात जाळा. तो खाट मांजराच्या नाकाला आपल्यापेक्षा कितीतरी जास्त झोंबतो. जाऊबाईंचं अजिबात ऐकू नका. लॅव्हेंडर, निलगिरी, टी ट्री, कापूर, लवंग यांची तेलं मांजर अंगावरून चाटतं आणि पोटात घेतं, त्याचं यकृत ती उपसून काढू शकत नाही. फरशी पुसायच्या फिनाईलचंही तेच, ओल्या फरशीवर पाय पडतात आणि पाय चाटले जातात.

प्रश्न (पोवई नाका, सातारा): दवाखान्यात न्यायचं म्हटलं की बास्केट बघूनच पळतं. मागच्या खेपेला वायरच्या पिशवीत कोंबून गाडीवर नेलं, तर ती फाडून बाहेर आलं. काय करावं?

उत्तर: माझ्या डाव्या अंगठ्यावर असल्याच एका पिशवीतून निघालेल्या बोक्याची खूण आहे.

बास्केट फक्त सुईच्या दिवशी माळ्यावरून खाली येते, म्हणून मांजर तिला ओळखून असतं. ती बारा महिने खोलीत उघडी ठेवा, दार काढून. आत जुना टॉवेल, अधूनमधून सुकटीचा तुकडा, आणि हो, इथे कॅटनिप वापरा. चिमूटभर, महिन्यातून काही वेळा, म्हणजे आतली जागा त्याला गोडीची वाटेल. वरचं झाकण निघतं अशी बास्केट घ्या, म्हणजे मला मांजर ओढून काढावं लागत नाही, ते तळात बसल्या बसल्याच तपासता येतं. नेताना वरून चादर टाका आणि दुचाकीवर असाल तर मागे बसणाऱ्याने बास्केट दोन्ही हातांनी मांडीवर धरायची. हँडलला लटकवायची नाही. दवाखान्यात कुत्री बसलेली असतात, तेव्हा बास्केट जमिनीवर न ठेवता बाकावर ठेवा. नाहीतर बाहेर गाडीपाशीच थांबा आणि आत निरोप पाठवा, आमचा कंपाउंडर हाक मारेल.