नॉर्वेजियन जोडशब्दांचा सांधा आणि आघात

प्रश्न : मी वर्षभरापासून ओस्लोमध्ये राहून नॉर्वेजियन शिकत आहे. तेथील लांबलचक सामासिक शब्द कोठे तोडावेत आणि जोर कोणत्या अक्षरावर द्यावा, हे मला उमगत नाही. मी सर्व अक्षरे सारख्याच वजनाने उच्चारतो आणि ऐकणाऱ्याला शब्द कळत नाही. याला काही नियम आहे का?

उत्तर : नियम आहे आणि, थोडे अपवाद वगळता, तो भरवशाचा आहे. मराठीत आघातामुळे सहसा अर्थ बदलत नाही, म्हणून आपले लक्ष तिकडे जात नाही; नॉर्वेजियनमध्ये मात्र शब्द कोठे सुरू झाला आणि कोठे संपला, हे ऐकणारा बऱ्याच अंशी आघातावरून ओळखतो.

आपण अक्षरे मोजण्याआधी पदे शोधावीत. रेल्वेस्थानकाला तेथे ‘येर्नबानेस्ताशून’ म्हणतात. ‘येर्न’ म्हणजे लोखंड आणि ‘बाने’ म्हणजे मार्ग. आपल्या ‘लोहमार्ग’ शब्दाचीही घडण हीच. सुट्या ‘स्ताशून’मध्ये जोर ‘शून’वर असतो, पण समासात मुख्य आघात अगदी पहिल्या ‘येर्न’वर येतो, ‘शून’कडे दुय्यम आघात उरतो आणि ‘बाने’ हलके होते. (ओस्लोकडे ‘येर्न’मधील र आणि न मिळून आपल्या ‘ण’सारखा ध्वनी होतो, मराठी जिभेला तो वेगळा शिकवावा लागत नाही.) समास कितीही लांब असला तरी त्याला सूरही एकच मिळतो.

हे न पाळल्यास अर्थच बदलू शकतो. ‘लाम्मेलोर’ एका दमात, पहिल्या अक्षरावर जोर देऊन म्हटले की कोकराची मांडी, म्हणजे मांसाचा प्रकार. तेच दोन शब्द करून दोहोंवर सारखा जोर दिला की ‘लुळ्या मांड्या’.

ओळीच्या शेवटी शब्द तोडायचा झाल्यास शक्यतो सांध्यावरच तोडावा. ‘बीलदेलेर’ म्हणजे मोटारीचे सुटे भाग. ‘बील’नंतर तोडले तर ठीक, पण ‘दे’नंतर तोडल्यास वाचणाऱ्याला आधी ‘बिल्दे’, म्हणजे चित्र, दिसते आणि पुढे उरलेल्या ‘लेर’चा अर्थ होतो ‘हसते’. दोन पदांमध्ये जोडणारा ‘स’ असेल, तर तो मागच्या पदाबरोबर राहतो. सांध्यावर एकच व्यंजन तीनदा आल्यास ते दोनदाच लिहितात : ‘नात्त’ (रात्र, संस्कृत ‘नक्तम्’चा दूरचा आप्त) आणि ‘तोग’ (आगगाडी) मिळून ‘नात्तोग’ होते. ओळ तुटताना मात्र गाळलेला ‘त’ परत येतो आणि ‘नात्त-तोग’ अशी दोन्ही पदे पूर्ण लिहिली जातात.