मेथड, माइस्नर की चेखव्ह? आधी तुमचं ‘नाही’ शेवटच्या रांगेत पोचतंय का ते बघा

तुम्ही विचारलंय : एकांकिका करतो, मेथड, माइस्नर आणि मायकेल चेखव्ह अशा अभिनयपद्धतींच्या तिन्ही कार्यशाळा झाल्या, आता यातलं नेमकं कुठलं तंत्र धरू? चौथ्या कार्यशाळेची फी भरायच्या आत विचारलंत हे बरं केलंत. कुठलंही धरा, पण आपलं कुठे अडतंय ते आधी शोधा.

मेथडपासून सुरू करतो, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त वाट तिचीच लावतात. तिच्यातला भावनिक स्मृतीचा व्यायाम, म्हणजे स्वतःच्या आयुष्यातला जुना प्रसंग आठवून भावना जागवणं, हे दुःख ओढून काढणं नव्हे. खुर्चीत अंग सैल सोडायचं आणि त्या जागेचे तपशील आठवायचे : भिंतीचा रंग, वास, हाताला लागलेलं कापड. भावना आली तर येईल. प्रसंग किमान सात वर्षं जुना हवा असं मेथडचे गुरू ली स्ट्रासबर्ग सांगायचे. इथे कालपरवाचा ब्रेकअप घेऊन बसतात. मग गळा आवळतो, श्वास छातीत वरच अडकतो आणि वाक्याचं शेपूट गिळलं जातं. मराठीत हे फार महाग पडतं, कारण आपलं क्रियापद आणि नकार दोन्ही शेवटी. ‘मी तिला घराबाहेर काढलं नाही’ यातलं ‘नाही’ गेलं की मागच्या रांगांसाठी तुम्ही खलनायक. पुढची वीस मिनिटं त्यांना नाटक कळत नाही.

यावर उपाय : वाक्य मागून बांधा. ‘नाही’, मग ‘काढलं नाही’, मग ‘घराबाहेर काढलं नाही’, दर वेळी एका श्वासात. मग तालमीत एकाला शेवटच्या रांगेत उभं करा आणि प्रत्येक वाक्याचा शेवटचा शब्द परत म्हणायला सांगा. तो जिथे अडेल तिथे संहितेत खूण करा. हे कुठल्याच कार्यशाळेच्या जाहिरातीत नसतं.

समोरच्याचं ऐकायच्या आधीच तुमचं उत्तर तयार असेल, तर माइस्नर. दोघांनी समोरासमोर बसून एकच वाक्य एकमेकांना परत परत म्हणायचं, ‘तू हसतोयस’, ‘मी हसतोय’; ही पुनरावृत्ती तीन-चार मिनिटं पुरे. कंटाळा आला की लोक वाक्याला नवनवीन चाली लावतात, तिथेच ती मरते. समोरच्यात काही बदललं तरच तुमच्यात बदल. शिवाय वाक्यं पाठ करताना भाव न घालता सपाट घोका, नाहीतर पाठांतराच्या दिवशीचीच चाल प्रयोगापर्यंत चिकटून राहते.

हातपाय परके वाटत असतील तर चेखव्हची मनोशारीर मुद्रा, म्हणजे पात्राला काय हवंय ते एकाच अंगविक्षेपात पकडणं. ढकलणं, ओढणं, कवटाळणं यातलं एक काहीतरी, अख्ख्या अंगाने, मोठं, विंगेत. रंगमंचावर ती फक्त आत ठेवायची. बोटांत उरली की भाषण वाटतं.

आणि ‘खरं रडू आलं तरच खरा अभिनय’ म्हणणाऱ्या तमाम दिग्दर्शकांसाठी : अमेरिकन अभिनेत्री स्टेला ॲडलर 1934 साली पॅरिसमध्ये खुद्द स्तानिस्लाव्स्कींना, म्हणजे ज्यांच्या शिकवणीतून मेथड निघाली त्या रशियन दिग्दर्शकांना भेटल्या आणि परत येऊन ग्रुप थिएटर या त्यांच्या आणि स्ट्रासबर्गच्या न्यूयॉर्कमधल्या नाट्यसंस्थेत सांगितलं की भर हवा तो नाटकाने दिलेल्या परिस्थितीवर आणि कृतीवर, आठवणी उकरण्यावर नाही. स्ट्रासबर्गना ते पटलं नाही, तो त्यांचा प्रश्न. रडू पहिल्या तालमीत येतं, दहाव्या प्रयोगाला आटतं. कृती आटत नाही. म्हणून वाक्याशेजारी ‘दुःखी’ लिहू नका. ‘पाणउतारा करतो’, ‘लाडीगोडी लावतो’, ‘गप्प बसवतो’ असं लिहा. समोरच्यावर चालेल असं क्रियापद हवं.

हां, कॅमेऱ्यासमोर हिशेब थोडा वेगळा. क्लोजअपमध्ये शेवटच्या रांगेची काळजी नाही आणि एखाद्या टेकपुरती आठवण चालून जाते. स्ट्रासबर्गचा खुर्चीतला शिथिलीकरणाचा भाग तर सगळ्यांनीच करावा, त्यात वाद नाही. घरात नुकतंच काही घडलं असेल तर मात्र स्मृतीच्या वाटेला अजिबात जाऊ नका.

यापुढे कुणी तालमीत ‘आतून येऊ दे रे’ म्हणालं, तर शांतपणे विचारा : कुठल्या वाक्यापासून, आणि समोरच्याचं काय करायला?