मेट्रोपॉलिटन ऑपेरात गाणारी पहिली कृष्णवर्णीय गायिका कोण, आणि तिला तिथे पोचायला इतका उशीर का झाला?

मेरियन अँडरसन. ७ जानेवारी १९५५ ला न्यूयॉर्कच्या त्या ऑपेरागृहाच्या रंगमंचावर त्या पहिल्यांदा उभ्या राहिल्या, तेव्हा वय होतं ५७. उशीर झाला तो कृष्णवर्णीयांना दार बंद होतं म्हणून. गळा केव्हाच तयार होता.

जन्म १८९७ चा, फिलाडेल्फियातला. वडील बर्फ आणि कोळसा विकायचे, ते लवकर गेले. आई लोकांचे कपडे धुवायची, फरशा पुसायची. मेरियन चर्चमध्ये गायची. संगीतशाळेत नाव घालायला गेली, तर खिडकीवरच्या बाईने तिला सगळ्यांच्या शेवटपर्यंत ताटकळत ठेवलं आणि मग सांगितलं, काळ्यांना घेत नाही. पुढे चर्चच्या लोकांनीच पैसे जमवून तिच्या शिकवणीची सोय केली.

त्यांचा आवाज कॉन्ट्राल्टो, म्हणजे बायकांच्या आवाजातला सगळ्यात खालच्या पट्टीचा. खर्जात उतरला तरी भरीव राहणारा. १९३५ मध्ये साल्झबर्गला त्यांना ऐकून विख्यात वाद्यवृंद-संचालक तोस्कानिनी म्हणाले होते, असा आवाज शंभर वर्षांत एकदाच कानी पडतो. युरोप डोक्यावर घेत होता आणि मायदेशी हॉटेलात खोली मिळत नव्हती. १९३७ मध्ये प्रिन्स्टनला अशीच वेळ आली, तेव्हा आइनस्टाइननी त्यांना आपल्या घरी उतरवून घेतलं.

१९३९ मध्ये वॉशिंग्टनच्या कॉन्स्टिट्यूशन हॉलच्या मालक असलेल्या महिला संघटनेने त्यांना सभागृह नाकारलं. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांनी त्या संघटनेचा राजीनामा दिला आणि ९ एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी, कार्यक्रम लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर झाला. समोर सुमारे ७५ हजार माणसं. त्याची चित्रफीत मी कितीदा पाहिली असेल! थंडीमुळे अंगात फरचा कोट, पुढे मायक्रोफोनची रांग, आणि डोळे मिटलेले. पहिलंच गीत देशाचं. त्यातल्या ‘मी गातो’च्या जागी त्यांनी ‘आम्ही गातो’ म्हटलं. तो एक शब्द आला की माझ्या घशात आवंढा येतो.

मेट्रोपॉलिटनमध्ये त्यांना भूमिका मिळाली वर्दी या इटालियन संगीतकाराच्या ‘उन बाल्लो इन मास्केरा’ या ऑपेरामधल्या उलरिका या भविष्य सांगणाऱ्या बाईची, जेमतेम एका प्रवेशाची. पडदा वर गेला आणि एक सूरही लागण्याआधी टाळ्या सुरू झाल्या, थांबेचनात. त्या टाळ्यांनी आपण आतून आवळून गेलो, असं त्यांनीच नंतर लिहिलं आहे. आवाजाचा बहर तोवर ओसरला होता. पंधरा-वीस वर्षांपूर्वी हेच दार उघडलं असतं, तर किती भूमिका ऐकायला मिळाल्या असत्या! ही हळहळ मला आजही सोडत नाही.

त्यानंतर तीनच आठवड्यांच्या आत रॉबर्ट मॅकफेरिन हे कृष्णवर्णीय गायक तिथे गायले, आणि १९६१ मध्ये लिओन्टिन प्राइस ही कृष्णवर्णीय गायिका. मेरियनबाईंनी १९६५ मध्ये कार्नेगी हॉलमध्ये निरोपाची मैफल केली, १९९३ मध्ये त्या गेल्या.

ऐकायला सुरुवात करायची तर संगीतकार शूबर्टच्या ‘आवे मारिया’ या गीतापासून करा. लिंकन स्मारकापाशी त्यांनी तेही गायलं होतं.